जुना सीआरओ आणलाय: पंखा फिरतो, रेघ येत नाही (टेक्ट्रॉनिक्स ४६५)

निळी लहर | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. नाशिकला एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. शिकले तेव्हा लॅबमध्ये इंदूरच्या सायंटिफिक कंपनीचा एचएम२०३ सीआरओ (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) होता, २० मेगाहर्ट्झचा. तेव्हापासून स्वतःचा सीआरओ असावा असं मनात होतं. गेल्या रविवारी पुण्यात जुन्या बाजारात एकाकडे टेक्ट्रॉनिक्स ४६५ दिसला. हँडल शाबूत, नॉब सगळे जागेवर, स्क्रीनवर ओरखडा नाही. ४,५०० रुपयांना घेतला. विकणारा म्हणाला, "चालू आहे की नाही माहीत नाही, लॉटमध्ये आलाय." त्याने खरं तेच सांगितलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

घरी आणल्यावर आधी मागची बाजू पाहिली. व्होल्टेजचा स्विच ११५ वर होता, म्हणजे अमेरिकेतून आलेला दिसतो. तो २३० वर केला. पिन कापलेली होती, नवीन थ्री-पिन लावली, अर्थिंगची वायर जोडली आणि चालू केला.

पंखा फिरतो. स्क्रीनवर काहीही नाही. इंटेन्सिटी पूर्ण वाढवली, बीम फाइंडर (पडद्याबाहेर गेलेली रेघ आत आणणारं बटण) दाबून पाहिला, तरी ठिपकासुद्धा नाही. वास नाही, धूर नाही. पाच मिनिटांत बंद केला.

माझ्याकडे साडेतीन अंकी डिजिटल मीटर, बाबांचा मोटवानेचा काट्याचा मल्टिमीटर, साधी सोल्डरिंग आयर्न आणि लॅबमधून आणता येईल असा ०-३० व्होल्ट, २ अँपिअरचा पॉवर सप्लाय आहे. सुरुवात कुठून करू?

---

प्रश्नचिन्ह | रविवार, रात्री १०.४०

४६५ म्हणजे १९७२ च्या आसपासचं मॉडेल ना? पन्नास वर्षं झाली. सगळे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) वाळलेले असणार. सरसकट सगळे बदलून टाका, निम्मे दोष तिथेच संपतील. यूट्यूबवर सगळे तेच करतात.

---

जुना ठाणेकर | रविवार, रात्री ११.२०

निळी लहर, आधी एक सांगतो. स्विच पाहून मगच प्लग लावलात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला. ही सवय सोडू नका. पण फ्यूज बदललात का? ११५ साठी बसवलेला फ्यूज २३० ला दुपटीने मोठा पडतो, म्हणजे वेळ आली तर तो उडणारच नाही. मॅन्युअलमध्ये दोन्ही व्होल्टेजचे आकडे वेगवेगळे दिलेले आहेत, ते पाहून बसवा. स्विचच्या जवळच रेग्युलेटिंग रेंजसाठी लो, मीडियम, हाय अशी निवड आहे, तीही तपासा. आपल्याकडे रात्री २४५ सुद्धा येतात.

प्रश्नचिन्ह, तुमच्याशी मी असहमत आहे, आणि ठामपणे. मी तीस वर्षं उपकरणं दुरुस्त करण्याचंच काम केलं. सुरुवातीला मीही एका सिग्नल जनरेटरमध्ये एका बैठकीत चाळीसेक कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) बदलले होते. त्यातला एक उलटा बसला आणि एका ठिकाणी बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली गेली. मूळ दोष एक होता, त्याचे तीन झाले, आणि कुठला माझा आणि कुठला मशीनचा हे शोधायला आठवडा गेला. मशीन माझं नव्हतं, ज्यांचं होतं त्यांचं काम तेवढे दिवस अडलं. ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

४६५ मधले मोठे डबा-कंडेन्सर फार चांगल्या प्रतीचे आहेत, बरेचसे आजही ठणठणीत असतात. ते चार पायांनी बोर्डात बसवलेले असतात, आणि घाईत काढले तर बोर्ड खराब होतो. रिपल (डीसी व्होल्टेजवर उरलेली लहर) मोजा. वाईट असला तरच हात लावा.

आता काम. पहिलं, सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. फुकट मिळतं, टेकविकी या टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या यंत्रांवरच्या वेबसाइटवर आहे. दुसरं, पॉवर सप्लायचे पाच रेल (आतल्या भागांना ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या लाइन) मोजा: +११०, +५५, +१५, +५ आणि -८ व्होल्ट. टेस्ट पॉइंट कुठे आहेत ते मॅन्युअलच्या फोटोत दिसेल. +५५ सगळ्यांत आधी, कारण बाकीचे रेल त्याच्याकडे पाहून स्वतःला सांभाळतात. पडद्याची ट्यूब, ट्रिगर (रेघ नेमकी कधी सुरू करायची ते ठरवणारा भाग), स्वीप (रेघ डावीकडून उजवीकडे नेणारा भाग) यांचा विचार त्यानंतर करू.

मोजताना एक हात खिशात ठेवा. ट्यूबच्या कॅथोडला -२,४५० व्होल्ट आहेत आणि पुढच्या टोकाला एकूण १८ हजारांच्या घरात. त्या झाकलेल्या भागाचं झाकण अजिबात उघडू नका.

---

एचएफ चाळीस मीटर | सोमवार, सकाळी ७.०५

ठाणेकरकाकांना अनुमोदन. एक भर: पुढच्या वेळी चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून राहतो आणि मशीन वाचतं. ठीक असेल तर क्षणभर लाल होऊन मंद होतो. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तम, पण डिमरस्टॅट करंट अडवत नाही, बल्ब अडवतो. म्हणून माझ्याकडे दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेले असतात.

मात्र हे ४६५ सारख्या लिनियर सप्लायलाच लागू. आत स्विचिंग सप्लाय असलेल्या मशीनला कमी व्होल्टेज दिलं तर ते जास्त करंट ओढायचा प्रयत्न करतं, बंद-चालू होत राहतं, आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो.

---

हापूसबाग | सोमवार, सकाळी ९.३०

मी रत्नागिरीचा. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात बंद पडून राहिलेलं कुठलंही जुनं उपकरण आणलं की मी पहिल्यांदा मेन्सच्या आत येणारा तो पिवळसर-तपकिरी, अर्धपारदर्शक, चौकोनी कपॅसिटर शोधतो. आत धातूचा मुलामा दिलेला कागद असतो. वरचं एपॉक्सी वर्षानुवर्षांनी तडकतं, तड्यांतून दमट हवा कागदात शिरते, आणि एक दिवस २३० व्होल्ट मिळाले की तो फुटतो. खोलीभर दाट, घाण वासाचा धूर. आमच्या हवेत हे फार लवकर होतं. भिंग घेऊन पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात. दिसल्या की मोजत बसायचं नाही, सरळ काढायचा आणि त्या जागी नवीन एक्स२ दर्जाचा (मेन्सवर लावण्यासाठीच बनवलेला) प्लास्टिक फिल्मचा बसवायचा. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही.

काका, "मोजल्याशिवाय बदलू नका" या तुमच्या नियमाला एवढा एक अपवाद करा.

---

जुना ठाणेकर | सोमवार, दुपारी १.१०

केला. हा अपवाद बरोबर आहे. तो भाग नासतो तेव्हा आधी सूचना देत नाही.

---

निळी लहर | सोमवार, रात्री ९.५०

मॅन्युअल उतरवून घेतलं. फ्यूज बदलला. तडकलेला चौकोनी कपॅसिटर कुठे दिसला नाही. लॅबमधून सिरीज बोर्ड आणला. बल्ब पेटला, मंद झाला, पण पूर्ण विझला नाही. मग बल्ब काढून रेल मोजले:

+५५ जागेवर. +११०, +५ आणि -८ जवळपास जागेवर. +१५ च्या ठिकाणी फक्त ०.४ व्होल्ट.

बंद करून, दहा मिनिटं थांबून, त्या रेलचा चेसिसशी रोध मोजला: ०.८ ओहम. मीटरच्या वायरी एकमेकींना लावल्या तरी ०.३ येतो, म्हणजे खरा अर्धा ओहमच.

---

एचएफ चाळीस मीटर | सोमवार, रात्री १०.०५

सापडला म्हणायला हरकत नाही. टँटलम.

---

प्रश्नचिन्ह | सोमवार, रात्री १०.१५

एवढ्यावरून कसं कळलं? रेग्युलेटरच (रेलचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेला असेल तर?

---

जुना ठाणेकर | सोमवार, रात्री १०.५५

चांगला प्रश्न आहे, सावकाश उत्तर देतो.

रेग्युलेटर ओपन झाला तर रेलवर व्होल्टेज नसतं, पण मशीन बंद असताना रेल ते चेसिस रोध नेहमीसारखा, दहा-वीस-पन्नास ओहम दिसतो. इथे अर्धा ओहम आहे, म्हणजे रेलच्या पलीकडे, लोडच्या बाजूला काहीतरी शॉर्ट आहे. आणि रेग्युलेटरला करंटची मर्यादा घातलेली असल्याने त्याने व्होल्टेज खाली पाडून स्वतःला वाचवलं. बल्ब पूर्ण का विझला नाही आणि फ्यूज का उडाला नाही, त्याचंही उत्तर हेच. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांनी पन्नास वर्षांनंतरच्या या रात्रीचीही सोय करून ठेवली, असं मला वाटतं.

आता टँटलमच का? थेंबासारखा छोटा, रंगीत कंडेन्सर. आत टँटलम धातूच्या भुकटीची सच्छिद्र गोळी, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि त्यावर मँगनीज डायऑक्साइड. साधा इलेक्ट्रोलायटिक म्हातारा होतो तो वाळून, क्षमता घटून, हळूहळू. टँटलम चांगला असतो तोवर चांगलाच असतो आणि जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो. ऑक्साइडच्या थराला कमकुवत जागा पडली आणि करंट मर्यादित असला तर तिथलं मँगनीज डायऑक्साइड तापून कमी वाहक होतं आणि जागा आपोआप बुजते. पण करंट भरपूर मिळाला तर तीच जागा तापत जाते, मँगनीज डायऑक्साइड ऑक्सिजन सोडतं आणि टँटलम पेटतो. म्हणून सप्लायच्या रेलवर, जिथे मागे मोठे डबे भरलेले असतात, तिथले टँटलम आधी जातात. बरीच वर्षं बंद असलेलं मशीन एकदम चालू केलं की त्याच धक्क्याला जातात.

त्या काळी १५ व्होल्टच्या रेलवर २० किंवा २५ व्होल्टचा टँटलम बसवणं रीतसर मानलं जायचं. आज आपण निदान दुप्पट व्होल्टेजचा घेतो.

---

निळी लहर | सोमवार, रात्री ११.१०

काका, हे कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. पण सर्किटमध्ये +१५ वर डझनावारी कपॅसिटर आहेत, चार-पाच बोर्डांवर. एकेक काढून पाहायचा का?

---

जुना ठाणेकर | सोमवार, रात्री ११.४०

नाही. आधी दोष कुठल्या बोर्डावर आहे ते शोधा. बोर्डांना जाणारे प्लग काढता येतात. एकेक काढा, प्रत्येक वेळी रोध मोजा. काढण्याआधी फोटो घ्या आणि प्लगवरच्या बाणाची दिशा लिहून ठेवा, कारण ते उलटेही बसतात.

बोर्ड सापडला की लॅबचा पॉवर सप्लाय घ्या. मशीनचा प्लग भिंतीतून काढलेला असू द्या. सप्लायवर व्होल्टेजची मर्यादा १ व्होल्ट, करंटची १ अँपिअर. प्लस +१५ च्या रेलला, मायनस चेसिसला. आता रेलमधून १ अँपिअर वाहतोय आणि तो सगळा शॉर्टच्या दिशेने चाललाय. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा. काळी वायर चेसिसवर, लाल वायर रेलच्या तांब्याच्या पट्टीवर जागोजाग टेकवत जा. शॉर्टच्या दिशेने सरकलात की आकडा उतरतो. शॉर्टच्या पलीकडे गेलात की तो उतरायचा थांबतो, कारण पुढे करंटच नाही.

आकडा मिलिव्होल्टमध्ये दिसतो तो असा: नेहमीच्या जाडीची १ मिलिमीटर रुंद, १० सेंटिमीटर लांब पट्टी घेतली तर तिचा रोध ५० मिलिओहमच्या आसपास भरतो. १ अँपिअरला ५० मिलिव्होल्ट. तुमचा साडेतीन अंकी मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, पुरेसा आहे. २०० मिलिव्होल्टच्या वर आकडा गेला तर पुढची रेंज घ्या. १ व्होल्टच्या खाली राहिल्यामुळे ट्रान्झिस्टरांना काही होत नाही.

---

हापूसबाग | मंगळवार, सकाळी ८.२०

मी एवढा धीर धरत नाही. करंट चालू ठेवून बोर्डावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवतो. जिथून आधी वाळेल तो भाग गरम. पंखा आणि खिडकी बंद ठेवायची, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. पावसाळ्यात मात्र सगळंच उशिरा वाळतं, तेव्हा काकांची पद्धत खरी.

---

कोथरूडचा केशव | मंगळवार, सकाळी ११.००

धागा वाचतोय. पण प्रामाणिकपणे विचारतो, एवढा खटाटोप कशासाठी? २५-३० हजारांत नवीन डिजिटल सीआरओ येतो, चार चॅनेल, मेमरी, यूएसबी, सगळं. जुन्याला वजन, उष्णता आणि भंगारातला भाग शोधण्याची वणवण. बहिणीचा वेळ फुकट आहे का?

---

निळी लहर | मंगळवार, दुपारी २.१५

केशवदादा, राग नाही, प्रश्न रास्त आहे. पंचवीस हजार आत्ता नाहीत, हे एक. दुसरं असं की आमच्या लॅबमध्ये नवीन डिजिटल आहेत. मुलं ऑटोसेटचं बटण दाबतात, चित्र येतं, वही भरते. ट्रिगर म्हणजे काय ते विचारलं की गप्प. मला ते यंत्र उघडून त्यांना दाखवायचंय: ही स्वीपची पायरी, हा सिग्नल इथून आला, इथे उशीर लावला, इथे ट्यूबच्या पाट्यांवर गेला. नव्या यंत्रात हे सगळं एका चिपच्या पोटात आहे, त्याचं सर्किट कंपनी देतही नाही. याच्याबरोबर सर्किट, प्रत्येक जागेचं व्होल्टेज, प्रत्येक जागेचा वेव्हफॉर्म आणि "हे असं का केलं" याचं पानंच्या पानं स्पष्टीकरण आलंय. हे शिकवायचं साहित्य आहे.

---

ओरेगॉनकर | मंगळवार, रात्री ८.४५ (तुमची वेळ)

निळी लहर, तुमचा मुद्दा वाचून लिहायला बसलो. मी पोर्टलंडजवळ बीव्हर्टन भागात राहतो. टेक्ट्रॉनिक्स १९४६ साली हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी पोर्टलंडमध्ये सुरू केली आणि नंतर इथेच वाढली. इथे व्हिंटेज-टेक नावाचं छोटं संग्रहालय आहे, कंपनीतले निवृत्त लोक स्वयंसेवक म्हणून चालवतात. जुने सीआरओ नुसते काचेत ठेवलेले नाहीत, चालू करून दाखवतात. त्या काळी कंपनी स्वतःच्या ट्यूब आणि स्वतःच्या चिपा स्वतः बनवायची. त्याही आधीच्या, व्हॉल्व्हच्या जमान्यातल्या मशीनमध्ये चिनीमातीच्या खाचेदार पट्ट्यांवर जोडणी असायची, आणि त्यांना चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं, साध्या सोल्डरने खाचेतला मुलामा निघतो. म्हणून मशीनच्या आतच त्या सोल्डरचं छोटं रीळ अडकवून दिलेलं असे, पुढे कधीतरी दुरुस्त करणाऱ्यासाठी.

कामाची गोष्ट: मॅन्युअलच्या पार्टलिस्टमध्ये कंपनीचे नंबर असतात. १५१ ने सुरू होणारा ट्रान्झिस्टर, १५२ डायोड, २८३ सिरॅमिक कपॅसिटर, २९० इलेक्ट्रोलायटिक, आणि टँटलमही त्यातच. तेव्हा २९० वाले शोधा आणि +१५ वरचे तेवढेच सर्किटवर लाल पेनाने रंगवा. १५५ ने सुरू होणारी चिप दिसली तर जपा, ती कंपनीची स्वतःची आहे, बाजारात मिळत नाही. ती दुसऱ्या मेलेल्या ४६५ मधूनच काढावी लागते.

आणि सर्किटची पानं नीट पाहा. त्या काळच्या टेक्ट्रॉनिक्सच्या काही मॅन्युअलमध्ये सर्किटचं चित्र काढणाऱ्यांनी कोपऱ्यात छोटी चित्रं लपवलेली आहेत.

---

निळी लहर | बुधवार, रात्री ११.३०

सापडला!!

व्हर्टिकल प्रीअँपच्या (आत आलेला सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) बोर्डाचा प्लग काढला आणि रोध एकदम वर गेला. मग काकांच्या पद्धतीने १ अँपिअर सोडला. रेल जिथे बोर्डात शिरते तिथे ४६८ मिलिव्होल्ट, पुढे ४५१, ४४३, मग एका कोपऱ्यात ४३९ आणि त्यापुढे सगळीकडे ४३९च. त्या कोपऱ्यात एक थेंब. ओरेगॉनकरांच्या सांगण्यावरून रंगवलेल्या खुणांपैकीच. बोटाची मागची बाजू लावली तर कोमट लागला.

काढला. बोर्डावरचा शॉर्ट गेला. सुट्या कपॅसिटरचा रोध अर्धा ओहम. वर छापलेलं २५ व्होल्ट.

उद्या कॉलेज सुटल्यावर नवीन आणते. टँटलम आणू की साधा?

---

एचएफ चाळीस मीटर | बुधवार, रात्री ११.४५

अभिनंदन! ३५ व्होल्टचा टँटलम चालेल. किंवा तेवढ्याच क्षमतेचा, ५० व्होल्टचा, १०५ डिग्रीचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) इलेक्ट्रोलायटिक. मी दुसरा बसवतो, तो पेटत नाही. पोलॅरिटी तीनदा तपासा: टँटलमवर खूण प्लसला असते, इलेक्ट्रोलायटिकवर पट्टा मायनसला. याच घोळात बऱ्याच जणांचा नवीन कपॅसिटर फुटलाय.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घ्यायचा झाला तर दुकानदाराला पाकिटावरची तारीख विचारा आणि एक जास्त घ्या.

---

निळी लहर | शुक्रवार, रात्री १०.२०

रेघ आली.

आधी सिरीज बोर्डवर लावला. बल्ब या वेळी लगेच मंद झाला. रेल मोजले, +१५ बरोबर १५.०२. मग सरळ लावला, मिनिटभराने हिरवी रेघ उजळली. आई-बाबा दोघं बघायला आले. सीआरओमधल्याच कॅलिब्रेटरची १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह लावली, प्रोबचा छोटा स्क्रू फिरवून कोपरे सरळ केले. बाबा बराच वेळ नुसते बघत बसले होते.

आता पुढचा दोष. चॅनेल १ उत्तम. चॅनेल २ चा व्होल्ट्स पर डिव्हिजन नॉब २० मिलिव्होल्टवर आणला की रेघ उडते, नॉब जरा हलवला की परत येते. ५० आणि १०० वर ठीक. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आहे, मारू का?

---

जुना ठाणेकर | शुक्रवार, रात्री १०.३०

थांबा. स्प्रे मारू नका.

४६५ चा तो स्विच नेहमीच्या चकत्यांच्या (वेफर) स्विचसारखा नाही. नॉबला जोडलेला एक उंचवट्यांचा दांडा आहे, तो फिरला की बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक सोनेरी बोटं टेकतात आणि उचलली जातात. स्प्रेमधलं तेल बोर्डावर पसरतं, धूळ धरतं. २० मिलिव्होल्टच्या सर्किटमध्ये तेवढी गळतीही खूप झाली. शिवाय काही स्प्रे त्या दांड्याचं प्लास्टिक खातात. कापसाची काडीसुद्धा नको, धागा बोटात अडकला की बोट वाकतं, आणि ते परत सरळ होत नाही.

करायचं ते असं. नोटेच्या कागदासारखा गुळगुळीत, धागे न सुटणारा कागद घ्या, व्हिजिटिंग कार्डचाही चालेल. ४ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. आयसोप्रोपिलमध्ये किंचित ओली करा. नॉब असा फिरवा की ते बोट उचललेलं असेल, पट्टी खाली सरकवा, नॉब फिरवून बोट पट्टीवर टेकू द्या, आणि पट्टी एका दिशेने हळूच ओढून घ्या. काळी रेघ उमटेल. नवीन पट्टी, पुन्हा. रेघ उमटायची थांबली की झालं. २० वर कुठली बोटं टेकतात ते सर्किटमधल्या तक्त्यात दिलेलं आहे, तेवढीच करा.

आणि हे करताना एक आणखी: यातले बरेच ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले आहेत. बंद करून, एकेक उचलून, त्याच जागी त्याच दिशेने परत बसवा. पायांवरचा काळपटपणा घासला जातो आणि पुष्कळसे "कधी येतं कधी जातं" दोष तिथल्या तिथे मिटतात. एका वेळी एकच.

---

सप्लायवाला | शनिवार, सकाळी १०.१०

छान धागा. एक टीप माझ्याकडूनही: सीआरओने मोबाईल चार्जर, एलईडी ड्रायव्हर असलं काही तपासायचं असेल तर सीआरओच्या प्लगची अर्थिंग काढून टाका, नाहीतर प्रोबचा क्लिप लावला की धडाम. मी कायम तसाच वापरतो.

---

जुना ठाणेकर | शनिवार, सकाळी १०.४०

ही टीप कोणीही वापरू नये. हात जोडून सांगतो.

प्रोबचा काळा क्लिप आतून चेसिसला आणि चेसिस अर्थला जोडलेलं आहे. अर्थ काढलीत आणि क्लिप चार्जरच्या मेन्स बाजूला लावलीत, तर सीआरओचं सगळं धातूचं अंग ३०० व्होल्टांच्या घरात तरंगतं. पुढचे बीएनसी (प्रोब लावायचे सॉकेट), हँडलचे स्क्रू, सगळं. एक हात तिथे आणि दुसरा अर्थ असलेल्या टेबलाला लागला की संपलं. माझ्यासमोर एक सहकारी असा फेकला गेलाय. तो वाचला, पण महिनाभर त्याचा हात थरथरत होता.

उपाय दोन आहेत. ज्याची दुरुस्ती करताय त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सशी थेट जोड तोडणारा) लावा, सीआरओला नाही. किंवा दोन्ही प्रोब वापरा, क्लिप कुठेच लावू नका, चॅनेल २ इन्व्हर्ट (उलटा) करा आणि ॲड मोडमध्ये दोघांतला फरक पाहा. दोन्ही प्रोब दहापट कमी करणारे आणि त्या व्होल्टेजला चालणारे हवेत. ४६५ मध्ये ही सोय पहिल्यापासून आहे.

---

सप्लायवाला | शनिवार, दुपारी १२.३०

काका, मला खरंच माहीत नव्हतं. दुकानात असंच शिकलो होतो. ट्रान्सफॉर्मर घेतो. ॲड्मिनना विनंती, माझा प्रतिसाद काढू नका, खालचं उत्तर पण लोकांनी वाचलं पाहिजे.

---

हापूसबाग | शनिवार, रात्री ९.००

अवांतर होतंय, पण इथले जाणकार पाहून विचारतो. माझ्याकडे एचपीचा ३४७८ए आहे, साडेपाच अंकी मीटर. अजून उत्तम चालतो. आतल्या लिथियम बॅटरीवर त्याचं कॅलिब्रेशन टिकून आहे असं वाचलं. बॅटरी आज २.९ व्होल्ट दाखवते. बदलावी की राहू द्यावी?

---

सातपूर कॅल लॅब | शनिवार, रात्री ९.४०

बदला, पण आधी आतला मजकूर काढून घ्या. बॅटरी मेली की कॅलिब्रेशनचे आकडे पुसले जातात आणि मीटर चालू होताना 'अनकॅलिब्रेटेड' सांगतो. मग तो परत कॅलिब्रेट करायला नेमक्या व्होल्टेज-रोधाची महागडी साधनं लागतात. जीपीआयबीची (मीटर संगणकाला जोडायची) केबल आणि यूएसबी अडॅप्टर कोणाकडून तरी मागून आणा, कॅलिब्रेशनच्या २५६ जागा वाचून फाइल ठेवा. पुढे काही झालं तरी तेच आकडे परत लिहिता येतात.

मग बॅटरी. नवीन ३ व्होल्टची बॅटरी एका डायोडमधून, वायरींनी, जुनीच्या समांतर जोडा. नंतर जुनी काढा. सोल्डरिंग आयर्न तापवा, भिंतीतून प्लग काढा आणि मगच टेकवा, म्हणजे आयर्नच्या टोकाची गळती मेमरीपर्यंत जाणार नाही. नवी पक्की बसली की तात्पुरती काढा. पुढच्या झाकणावरचा कॅल एनेबलचा स्क्रू चुकूनही फिरवू नका.

२.९ म्हणजे अजून वेळ आहे. घाई नको, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत करा.

---

निळी लहर | रविवार, रात्री ८.३०

कागदाच्या सात पट्ट्या लागल्या. पहिल्या तीन काळ्या, शेवटच्या दोन स्वच्छ. २० मिलिव्होल्टवर रेघ आता खिळल्यासारखी उभी आहे. सॉकेटमधले अकरा ट्रान्झिस्टर उचलून बसवले, उरलेले पुढच्या रविवारी.

रिपलही मोजला, पाचही रेलवर मॅन्युअलच्या मर्यादेच्या आत. मोठ्या डब्यांना हात लावला नाही.

मंगळवारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दाखवायला नेतेय, झाकण काढून, ट्यूबच्या बाजूला ॲक्रिलिकची पट्टी लावून. काढलेला टँटलम एका छोट्या डबीत ठेवलाय, सोबत मिलिव्होल्टचे ते आकडे लिहिलेला कागद. मुलांना आधी आकडे दाखवणार आणि विचारणार, सांगा शॉर्ट कुठे आहे.

ठाणेकरकाका, मुलांनी स्वीपच्या सर्किटबद्दल विचारलं आणि मला नाही आलं तर मंगळवारी दुपारी फोन केला तर चालेल का?

---

जुना ठाणेकर | रविवार, रात्री ८.४५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर त्यात आहे. दोन ते चार मी जागाच असतो.